दातांची हगवण म्हणून लेकराला तसंच ठेवू नका

"मावशी, नमस्कार. मी राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते. माझा मुलगा नऊ महिन्यांचा आहे. त्याला दात येत आहेत. वरचे दोन आधी दिसले, खालचे अजून नाहीत. सासूबाई म्हणतात, वरचे आधी आले की मामाला जड जाते. मला एकच भाऊ आहे, त्यामुळे जीव लागत नाही. चार दिवसांपासून मुलाला पातळ संडास होते, दिवसातून पाच-सहा वेळा. घरात सगळे म्हणतात ही दातांची हगवण आहे, बंद करू नये, आतली गरमी निघून जाते. सासूबाई तव्यावर टाकणखार फुलवतात आणि मधात कालवून रोज त्याच्या हिरड्यांवर चोळतात. मला भीती वाटते, पण बोलू कशी? मी कापूस वेचायला गेल्यावर दिवसभर तोच तर त्यांच्याजवळ असतो. दूध पाजताना चावतो. रात्री दर तासाला उठतो. मोठी मुलगी अडीच वर्षांची आहे, ती आता त्याला चावते. काल त्याच्या गालावर वळ उठले तेव्हा मी तिला मारलं आणि मग मीच रडत बसले. माझंच काही चुकते का?"

बाई, पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. चार दिवसांचे जुलाब आणि नऊ महिन्यांचं लेकरू असं वाचल्यावर सदर छापून येईपर्यंत थांबणं मला शक्यच नव्हतं. तू लगेच आशाताईंकडून ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या आणल्यास, दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून आलीस, आणि परवा म्हणालीस की आता संडास घट्ट झाली, लेकरू खेळायला लागलं. ते ऐकल्यावरच हे लिहायला घेतलं. तुझ्यासारख्या घरात आत्ता या घडीला कितीतरी लेकरं असतील, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी जुलाबाचं. दातांमुळे जुलाब होत नाहीत. दात हिरडीतून वर येतो, आतड्याशी त्याचा संबंध नाही. मग दोन्ही गोष्टी नेमक्या एकाच वेळी कशा येतात, हा तुझ्या सासूबाईंचा प्रश्न असेल आणि तो रास्त आहे. त्यांनी आयुष्यभर तसंच पाहिलं आहे. पण हिशोब करून बघ. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, कुणाला चौथ्यात, कुणाला वर्ष होता होता. दुधाचे वीसही दात तोंडात यायला अडीच-तीन वर्षं लागतात. म्हणजे दोन-सव्वादोन वर्षं कोणता ना कोणता दात वर येतच असतो. या काळात लेकराला काहीही होऊ दे, सर्दी, ताप, जुलाब, कानाचं दुखणं, तोंडात बोट घालून बघितलं तर एखादी हिरडी फुगलेली सापडणारच. दात नेहमीच जागेवर असतो, म्हणून आळ नेहमी त्याच्यावर येतो.

खरं कारण त्याच वयात दडलेलं आहे. पोटात असताना आईच्या रक्तातून लेकराला जी रोगाशी लढायची ताकद मिळालेली असते ती सहाव्या महिन्यानंतर ओसरत जाते. त्याच सुमाराला लेकरू रांगायला लागतं. हिरड्या शिवशिवतात म्हणून हाताला लागेल ते तोंडात घालतं: चप्पल, झाडूची काडी, कोंबडीनं घाण केलेल्या अंगणातला खडा. आणि याच महिन्यांत वरचं खाणं सुरू होतं, म्हणजे वाटी, चमचा, पाणी, माश्या सगळं आलं. जंतू पोटात जातात ते या वाटेनं.

मी हे इतक्या जीव तोडून सांगते त्याला कारण आहे. माझा थोरला दहा महिन्यांचा होता तेव्हाची, 1991 च्या मे महिन्यातली गोष्ट. मी उपकेंद्रात नर्स म्हणून नुकतीच रुजू झाले होते. त्याला जुलाब लागले. माझी आई म्हणाली, दाताचे आहेत, दोन दिवसांत थांबतील. मी शिकलेली, गावभर ओआरएसची पाकिटं वाटत फिरणारी. तरी "दाताचे" हा शब्द कानावर पडला आणि माझं मन निवांत झालं. तिसऱ्या रात्री त्यानं छातीला तोंड लावलं नाही. डोळे खोल गेले होते, रडत होता पण डोळ्यांत पाणी नव्हतं. दुपारपासून लंगोट कोरडा होता आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. पहाटे पहिल्या एसटीनं आम्ही त्याला तालुक्याला नेलं, तिथं डोक्याच्या शिरेतून सलाईन लावली. तो वाचला. आज त्याची स्वतःची लेकरं आहेत. पण पाकिटं माझ्या पेटीत होती आणि मी ती फोडली नव्हती, हे मी विसरलेले नाही.

तर पाकिटाबद्दल. खूप घरांत ओआरएस ग्लासभर पाण्यात चिमूट-चिमूट टाकून देतात. तसं करू नये. सरकारी दवाखान्यात मिळणारं मोठं पाकीट 20.5 ग्रॅमचं असतं आणि ते पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचं. पाण्याची एक लिटरची बाटली घरात असतेच, तिनं मोजून उकळून गार केलेलं पाणी गंजात घ्यायचं, अख्खं पाकीट त्यात ओतायचं. पाणी कमी घेतलं तर मीठ जास्त होतं आणि ते लेकराला बाधतं. चोवीस तासांत संपलं नाही तर उरलेलं फेकून नवीन करायचं. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक पातळ संडासनंतर पाव ते अर्धा कप, म्हणजे 50 ते 100 मिली, चमच्या-चमच्यानं द्यायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, जरा सावकाश. आईचं दूध आणि रोजचं खाणं बंद करायचं नाही.

यात जादू काही नाही. जुलाबात आतड्याची पाणी शोषायची ताकद कमी होते, पण साखर आत घ्यायची वाट चालू राहते. साखर आत जाताना मीठ सोबत नेते आणि मिठामागे पाणी जातं. 1971 मध्ये बांगलादेशातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले, छावण्यांत पटकीची साथ आली आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हेच पाणी पिंपात भरून ठेवलं आणि घरच्या माणसांनाच रुग्णांना पाजायला लावलं. त्यानं असंख्य जीव वाचले. हे सासूबाईंना जरूर सांग. आपल्या आज्या तांदळाची पेज, मीठ घातलेलं ताक देत होत्या ते याच जातीचं शहाणपण आहे, आणि त्यांना ते पटेल.

झिंकची गोळी सहा महिन्यांच्या पुढच्या लेकराला रोज एक, 20 मिलिग्रॅमची, चमचाभर आईच्या दुधात विरघळवून. सलग 14 दिवस. संडास तिसऱ्या दिवशी थांबते आणि गोळ्या फळीवर तशाच राहतात, असं मी शेकडो घरांत पाहिलं आहे. पूर्ण कोर्सनं आतडं भरून येतं आणि पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा लागण्याची शक्यता कमी होते. मोठ्या माणसांची जुलाब बंद करणारी गोळी अर्धी तोडून लेकराला कधीही देऊ नका, त्यानं आतडं थंडावतं आणि जीवावर बेतू शकतं.

संडासमध्ये रक्त दिसलं, लेकरू काही पिईना, प्यायलेलं सगळं उलटून टाकू लागलं, सुस्त पडलं, झटके आले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर सावकाश खाली बसली, तर घरी थांबायचं नाही. 108 ला फोन करायचा आणि लेकरू गिळत असेल तर वाटेतही ओआरएस पाजत राहायचं. टाळू खोल गेलेली दिसली की आपल्याकडे "टाळू पडली" म्हणून वरून तेल भरतात. टाळू खोल जाते ती अंगातलं पाणी आटल्यामुळे, आणि पाणी भरल्याशिवाय ती वर येत नाही.

तापाचंही तसंच आहे. दात येताना अंग किंचित कोमट लागू शकतं. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला तर तो दाताचा नव्हे, त्याचं कारण शोधायला हवं. तीन महिन्यांखालच्या बाळाला एवढा ताप आला तर लगेच दवाखाना. पॅरासिटामॉल देताना एक मोठी चूक होते ती सांगते. ते दोन प्रकारांत येतं, सिरप आणि थेंब. थेंबांचं औषध कितीतरी पट दाट असतं. डोस वजनावर ठरतो, एका वेळी किलोमागे 15 मिलिग्रॅम. आठ किलोच्या लेकराला 120 मिलिग्रॅम झाले. 5 मिलीत 120 मिलिग्रॅम असं लिहिलेल्या सिरपचं एक माप म्हणजे बरोबर तेवढंच. पण 1 मिलीत 100 मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे 1.2 मिलीच पुरेत. सिरपच्या मापानं थेंब दिले तर चौपट औषध पोटात जातं. म्हणून बाटलीवरचा आकडा डॉक्टरांना किंवा सिस्टरांना दाखवून माप विचारून घ्यायचं. दोन डोसांत किमान चार तास हवेत, आणि दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. सर्दी-खोकल्याचं सिरप मात्र एवढ्या लहान लेकराला मेडिकलमधून आपल्या मनानं कधीच आणू नका. 2025 मध्ये आपल्या शेजारच्या छिंदवाड्यातली लेकरं दूषित खोकल्याच्या औषधानं गेली. त्यांतली कित्येक नागपुरात दाखल होती, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आता टाकणखार. यासाठी मी तुझं पत्र तीनदा वाचलं. विदर्भातच काय, महाराष्ट्रभर जुन्या घरांत हा उपाय आहे आणि तो करणाऱ्या प्रत्येक आजीच्या मनात मायाच असते. पण टाकणखार म्हणजे बोरॅक्स. सोनार डाग देताना वापरतो तोच. तव्यावर टाकला की तो लाहीसारखा फुलतो आणि आपल्याला वाटतं, शुद्ध झाला. फुलताना त्यातलं फक्त पाणी उडून जातं, बोरॉनचा क्षार तव्यावरच राहतो. लेकराच्या अंगात तो हळूहळू साठतो. 1983 मध्ये इंग्लंडच्या बालरोगाच्या एका मासिकात सात तान्ह्या बाळांची हकीकत छापून आली. त्यांना झटके येत होते आणि कारण सापडत नव्हतं. शेवटी कळलं की त्यांच्या चोखणीला बोरॅक्स आणि मधाचं मिश्रण लावलं जात होतं. अगदी तुझ्या घरातलंच मिश्रण. ते बंद केल्यावर झटके थांबले.

मधाचा धोका वेगळाच आहे. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचं काही होत नाही, पण वर्षाखालच्या लेकराच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात आणि लेकराचे स्नायू लुळे पडू लागतात. म्हणून पहिला वाढदिवस होईपर्यंत मधाचं बोटही नको. वावरातल्या पोळ्याचा शुद्ध मध असला तरी नको. बाजारात हिरडी बधिर करणारं जेल मिळतं, तेही नको. त्यातल्या बेन्झोकेननं रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊ शकते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2018 मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्याविरुद्ध कडक इशारा दिला.

तुझी खरी अडचण औषधाची नाही, सासूबाईंना सांगायचं कसं ही आहे. मी घरोघरी फिरले आहे, मला ती ठाऊक आहे. "तुम्ही विष देता" असं म्हटलंस तर त्या दुखावतील आणि तू वावरात गेल्यावर चोरून लावतील. आजीला लेकराचं रडणं बघवत नाही, तिच्या हातांना काहीतरी करायचं असतं. तेव्हा त्यांचं बोट राहू दे, टाकणखार जाऊ दे. साबणानं हात धुऊन, नखं कापलेल्या कोऱ्या बोटानं हिरडी दोन-तीन मिनिटं हलकेच चोळायची. दात येतानाच्या दुखण्यावर हा सगळ्यात चांगला उपाय आहे आणि तो त्यांच्याच हातचा आहे. जुन्या सुती लुगड्याचा तुकडा उकळून धुवायचा, उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळायचा आणि चावायला द्यायचा. त्याची गाठ बांधायची नाही, आणि आपलं लक्ष असतानाच द्यायचा. फ्रीज नसला तरी अडत नाही. स्टीलचा चमचा स्वच्छ धुऊन पाच मिनिटं माठाला टेकवून ठेवला तरी पुरेसा गार होतो, मग त्याची पाठ हिरडीवर फिरवायची. आशाताईंना एकदा घरी बोलाव आणि टाकणखाराचं त्यांनाच बोलू दे. नवव्या महिन्याची त्यांची घरभेट ठरलेलीच असते. सुनेचं बोलणं सासूला लागतं, आशाताईंचं बहुतेक वेळा ऐकलं जातं.

बोटावरून आठवलं. आपल्याकडे खर्रा नाही असं घर विरळा. खर्रा घोटलेलं, तंबाखू मळलेलं बोट तसंच लेकराच्या तोंडात जातं. आजोबा असोत, काका असोत, शेजारची कुणी असो, हात धुतल्याशिवाय लेकराच्या तोंडाला हात लावायचा नाही, हे घरात सगळ्यांसमोर सांगायला तुझ्या नवऱ्यानं पुढं व्हावं. आणि खर्ऱ्याच्या पन्न्या जमिनीवर पडू देऊ नका. ती पातळ पन्नी लेकराच्या घशाला चिकटली तर काढता येत नाही.

कापसाच्या घरात तोंडात जाण्यासारख्या गोष्टी फार. फवारणीच्या औषधांची रिकामी डबडी, त्यांची रंगीत झाकणं, बियाण्याच्या पाकिटातल्या औषध लावलेल्या सरक्या, फवारून आलेल्या माणसाचे कपडे. हे सगळं लेकराच्या वाटेतून दूर, उंचावर, कुलपात. औषधाच्या डबड्यात पाणी किंवा तेल भरून वापरायची सवय असेल तर आजच मोडा. बाजारातला दर वाढायची वाट बघत घरात कापूस भरून ठेवला असेल तर लेकराचा पाळणा त्या खोलीत नको, त्या कापसानं मोठ्यांच्याही अंगाला खाज सुटते. फोनवर तू म्हणालीस की लेकराच्या हनुवटीवर आणि मानेत लाल पुरळ आलंय. ते बहुतेक लाळेचं असावं. मऊ कापडानं टिपून कोरडं ठेव, पुसू नको, आणि झोपताना खोबरेल तेलाचा पातळ हात फिरव. पण अंगभर पुरळ असेल तर कापसाचीही शंका घे.

थंडीचे दिवस आहेत, तुरीचे आणि हरभऱ्याचे सोले घरोघरी निघतील. बोरं, फुटाणे, शेंगदाणे, गाजराचा कच्चा तुकडा, चोखायला दिलेली खारीक, यातलं काहीही दात येणाऱ्या लेकराच्या हातात देऊ नका. पुढच्या दातांनी तुकडा तुटतो, तो दळायला मागच्या दाढा नसतात आणि तुकडा थेट घशात जातो. सोले शिजवून, कुस्करून वरणात घातलेले चालतात. लेकरू अचानक गुदमरलं, आवाज फुटेना, खोकताही येईना, तर वर्षाखालच्या लेकराला हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच थापा मारायच्या. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबायचं, मग पुन्हा थापा. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, अडकलेलं आणखी आत जातं. हे सासूबाईंना करून दाखव. दिवसा लेकराजवळ त्याच असतात.

वरचे दात आधी आले त्याची मला जराही काळजी वाटत नाही. बहुतेक लेकरांना खालचे मधले दोन आधी येतात, काहींना वरचे, एवढाच फरक. हिरडीतला कुठला दात आधी फुटावा यावर तुझ्या भावाचं आयुष्य कसं अवलंबून असेल? भावाला फोन कर, भाच्याला दात आले म्हणून बोलाव. त्यानं कौतुकानं वाटी-चमचा आणला तर सासूबाईंनाही बरं वाटेल, आणि लेकराला ती वाटी खिचडी भरवायला कामी येईल. मनातली भीती मात्र त्याला देऊ नको. गळ्यात काळा दोरा, ताईत बांधायला सांगतील तर झोपेत तो आवळला जाऊ शकतो, लेकरू तो तोंडातही घालतं. बांधायचाच हट्ट असेल तर पाळण्याच्या दांडीला वर बांधा.

दूध पिताना चावतो ते साधारण पोट भरल्यावर. जोरात ओढत असताना जीभ खालच्या हिरडीवर असते, तेव्हा त्याला चावता येत नाही. ओढणं मंदावलं, इकडेतिकडे बघायला लागला की आपण होऊन त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून बोट सरकवून छाती सोडवून घे. चावलाच तर झटक्यानं ओढू नको, त्यानं जास्त जखम होते. त्याचं तोंड क्षणभर छातीकडे जवळ घे, नाक दबलं की तो स्वतः तोंड उघडतो. मग लगेच मोकळा कर. हलकेच "नाही" म्हण आणि दोन मिनिटं पाजणं थांबव. चार-पाच दिवसांत कळतं त्याला. चावतो म्हणून अंगावरचं तोडायला सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नको. जुलाब होऊन गेलेल्या लेकराला आत्ता आईच्या दुधाची गरज जास्त आहे.

आता तुझी मोठी. पत्रात सगळे लहान्याबद्दल बोलतात, तिच्याबद्दल शेवटच्या चार ओळी आहेत. अडीच वर्षांचं वय म्हणजे तिच्या सगळ्यात मागच्या दुधाच्या दाढा येण्याचं वय. त्या साधारण 23 ते 33 महिन्यांत येतात आणि रुंद असल्यामुळे चांगल्याच दुखतात. तिच्या तोंडात बोट घालून बघ. घरात दात येणारी लेकरं कदाचित दोन आहेत आणि हिरड्या चोळल्या जातात एकाच्याच. त्यात आई दिवसभर वावरात आणि संध्याकाळी आली की भाऊ मांडीवर. तिच्याकडे एवढं सांगायला शब्द नाहीत, दात आहेत.

ती चावली की आधी लहान्याला उचल, त्याचा गाल थंड पाण्यानं पूस. मग तिच्या उंचीला बसून एकच वाक्य: "चावायचं नाही, भावाला दुखतं." लांब बोलणं तिला पोचत नाही. तिला उलट चावून दाखवणं, ओठाला मिरची लावणं, चटका द्यायची भीती घालणं, यातलं काहीही कुणाला करू देऊ नको. मेळघाटात लेकरांच्या पोटावर चटके देण्याच्या बातम्या अजून येतात. लेकराचं दुखणं दुखवून जात नाही. तिला काम दे. भावाचं कापड आणून देणं, चमचा माठाला लावणं. तिच्यासाठीही एक कापड, एक चमचा. आणि वावरातून आल्यावर हातपाय धुऊन पहिली पंधरा मिनिटं तिची. त्या वेळी लहान्याला त्याच्या बापानं सांभाळावं. तू तिला मारलंस आणि रडलीस. रात्री दर तासाला उठणाऱ्या, सकाळी ओटी बांधून वेचणीला जाणाऱ्या बाईच्या हातून एकदा असं झालं, त्यावरून तू कशी आई आहेस हे ठरत नाही. तिला जवळ घेऊन सांग, "मी मारलं, चुकलं माझं." अडीच वर्षांच्या पोरीला ते समजतं.

रात्रीच्या जागरणाला माझ्याकडे औषध नाही. एक-एक दात तीन-चार रात्री छळतो आणि मग हिरडी शांत होते. पण रात्र वाटून घेता येते. दिवसभराच्या वेचणीची मजुरी घरात येते, मग रात्रीचं जागरण एकटीच्याच वाट्याला का? पहाटे चार ते सहा लेकरू बापाच्या खांद्यावर. पाजून दे आणि झोप. दिवसा तू नसताना त्याला मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकर, भाताची घट्ट पेज, उकडलेला बटाटा असं तीन-चार वेळा, दर वेळी अर्धी वाटी. वर चमचाभर तेल किंवा तूप. आजारातून उठल्यावर दोन आठवडे रोज एक जास्तीचं खाणं, म्हणजे गेलेलं वजन भरून येतं. हिरडी दुखते तेव्हा गरम नको, कोमट द्या. बाटलीनं दूध नको, वाटी-चमचा बरा. बाटलीचं बूच नीट धुतलं जात नाही आणि जुलाब पुन्हा त्याच वाटेनं येतात.

वरचे दोन दात आले आहेत ते आजपासून रोज रात्री ओल्या कापडानं पुसायला सुरुवात कर. दुधाचे दात पडणारच म्हणून सोडून देऊ नये. ते किडले तर लेकरू जेवत नाही आणि खालून येणारे पक्के दात वाकडे येतात. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते पक्क्या दातांवर पांढरे-पिवळे पट्टे पाडतं आणि ते दात आत्ता, याच वयात, जबड्यात घडत असतात. तुमच्या बोअरचं पाणी तपासलंय का, ते ग्रामपंचायतीत विचार. तपासलं नसेल तर नमुना द्यायला लाव, आणि तोपर्यंत टूथपेस्टची घाई नको.

आणि कार्ड बघ. नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाच्या लसीचा पहिला डोस आणि अ जीवनसत्त्वाचा डोस असतो. तो झाला की नाही हे पत्रात नाही. लसीकरणाच्या दिवशी वेचणीला दांडी मारायची वेळ आली तर मार. त्याच दिवशी अंगणवाडीत दोघांचंही वजन करून घे, मोठीचंही. झिंकच्या गोळ्या मी फोन केला त्या दिवसापासून धरल्या तर आज आठ झाल्या असतील. सहा उरल्या आहेत का, पाकीट काढून मोजून बघ.